अवघड जागेचं दुखणं आणि नणंद सायकलवाली

मी सायकलची सीट बोलतेय. सायकलचं कौतुक निघालं की लोक चाकांविषयी बोलतात, गिअरविषयी बोलतात, रंगाविषयी तर बोलतातच. माझ्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्याकडे पाठ केल्याशिवाय कुणाला बसताच येत नाही, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? पण मला सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ कारखान्यात झाला. साच्यात पातळ रसायन ओतलं आणि दूध उतू जावं तसा फेस फुगून वर आला. तो फेस म्हणजे मी. खालून कडक पत्रा, त्याखाली दोन सळ्या, वरून ताणून बसवलेलं कातड्यासारखं आवरण. ते बसवणारी बाई मोठी दक्ष होती. प्रत्येक सीटवर अंगठा दाबून बघायची आणि मगच पुढे सरकवायची. तिच्या शेजारी नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं होतं, की या सीटच्या मधोमध एवढी मोठी खाच कशाला? फेस कमी पडला का?

बाई म्हणाली, "बसणारीला जिथे काहीच नको असतं, तिथे आपण काहीच ठेवत नाही."

माझं रूप म्हणाल तर मागे रुंद, मधे पोकळ आणि पुढे नाक आखूड. चक्क नकटी. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

त्यात माझा रंग नारिंगी. माझ्या बहिणी काळ्या, सोज्वळ, खोक्यात बसून विकायला गेल्या. मला मात्र दोन्ही बाजूंनी 'चाचणीसाठी' असं छापून एका सायकलच्या दुकानात पाठवलं. गिऱ्हाइकाने मला काही दिवस आपल्या सायकलला लावून पाहायचं, पटलं तर माझी काळी बहीण विकत न्यायची, आणि मला परत आणून द्यायचं. म्हणजे पसंती तिची आणि दाखवायला मी.

दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, उंच, हाताला कायम ग्रीसचा वास. दुकान तिच्या वडिलांचं होतं. त्यांच्यानंतर तिने ते जोरात चालवलं. सगळे तिला सायकलवाली म्हणत. बोलायला थोडी तुटक, पण कामाला चोख. ती स्वतः शर्यतीची सायकल चालवायची. हँडल खाली, कोपर वाकलेले, पाठ टेबलासारखी आडवी. अशी ओणवी झाली की वाऱ्याला तिच्यात धरायला काही सापडायचंच नाही.

मला आधी एक टपालवाली घेऊन गेली. ती ताठ बसून रमतगमत चालवायची. दुसऱ्याच दिवशी परत. तिचं बरोबर होतं. ताठ बसणाऱ्या बाईला माझ्यापेक्षा पसरट सीट हवी. मग एक सडसडीत खेळाडू मुलगी आली. तिला मी रुंद पडले, मांड्या घासू लागल्या. ती दिलगिरी व्यक्त करत मला ठेवून गेली. अजूनही काहीजणी आल्या आणि गेल्या. प्रत्येकीने मला थोडं दाबलं, थोडं मवाळ केलं, आणि परत आणून दिलं. दरवेळी दाराची घंटी वाजली की मला वाटायचं, हिला तरी मी जमेन.

आता खरी गोष्ट जिच्यामुळे घडली त्या बाईविषयी सांगते. ती सायकलवालीची वहिनी. थोरल्या भावाची बायको, चाळिशी ओलांडलेली, हसरी. पलीकडच्या गल्लीत तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं सरकवत ती विचारायची, "आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं?" नणंद-भावजयीचं छान जमायचं. वहिनी तिला चिडवायला जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणायची, आणि वन्सं तिला 'माझी भिंगरी' म्हणायची.

वन्संनीच तिला सायकलचं वेड लावलं होतं. आधी सकाळच्या फेऱ्या, मग थोडं लांब, मग शर्यतीची सायकल. आणि त्या वर्षी दोघींनी कालव्याकाठच्या जोडीच्या शर्यतीत नाव घातलं होतं. जोडीच्या शर्यतीत एकीने पुढे राहून वारा कापायचा, दुसरीने तिच्या आडोशाला दम खायचा, मग अदलाबदल. दुसरी पोचेल तेव्हाच घड्याळ थांबतं. एकटीने पळून उपयोग नाही.

आणि इथेच वहिनीचं घोडं अडलं होतं. ताठ बसली की सगळं ठीक. हँडल धरून ओणवी झाली की पुढच्या नाजूक भागावर सगळा भार यायचा. आधी टोचायचं, मग जळजळायचं, मग बधिर व्हायचं. घरी आल्यावर बसता यायचं नाही. पण हे सांगणार कुणाला? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. इथे नणंद सायकलवाली. एवढं जवळचं माणूस जाणकार असलं की सांगणं आणखीच अवघड.

शिवाय नवऱ्याने दिलेली भेट मधे होती. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. स्वभावाने मऊ, आणि दुसऱ्याला आराम मिळावा यासाठी जीव टाकणारा. बायको सायकलवरून उतरताना तोंड वाकडं करते हे त्याने पाहिलं होतं. त्याने वाढदिवसाला मोठी जेलची सीट आणली. गुबगुबीत, टम्म, जणू सोफ्याचं पिल्लू. घरात तिला सगळे 'गादी' म्हणायचे. वहिनीने तोंडभर कौतुक केलं, सायकलला लावली, आणि दुखणं दुप्पट झालं.

कारण सांगते. मऊ गादीत आपण ज्यांवर टेकतो ती हाडं बुडतात, आणि मधला भाग फुगून वर येतो, तो नेमका नको तिथेच दाबतो. दिसायला सुख, आत सगळी खोगीरभरती. पण नवऱ्याने प्रेमाने दिलेलं काढून ठेवायचं कसं? तो रोज विचारायचा आणि ती रोज सांगायची की ठीक आहे.

एकदा वन्संच्या लक्षात आलं, की वहिनी पुढे राहायची पाळी आली की लगेच उठून ताठ बसते. तिने कारण विचारलं. वहिनी म्हणाली की गादीची अजून सवय व्हायचीय. वन्संनी फळीवरून मला उचललं, म्हणाली की आठवडाभर ही लावून बघ, हिची सवय कर. गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून घाईघाईत बसवलं. माझं आखूड नाक वर राहिलं आणि मला धरणारा दांडाही जरा उंच झाला.

तो आठवडा आठवला की अजून अंग आकसतं. नाक वर असलेल्या सीटवर ओणवं होणं म्हणजे दाराच्या कडीवर बसण्यासारखं. मी तिला छळत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. हँडल हलतं, पॅडल फिरतं, ब्रेक लागतो. सीटने मात्र जिथे घट्ट केलंय तिथेच राहायचं. वहिनी ओठ चावून फेऱ्या मारायची आणि घरी आल्यावर मला काढून पुन्हा गादी लावायची, नवऱ्याला दिसू नये म्हणून, आणि सकाळी मला पुन्हा तशीच नाक वर करून बसवायची. व्हरांड्यात भांडी घासायच्या जागेशेजारी एका पिशवीत मी पडून असायचे. सवत म्हणतात ती हीच, असं मला गादीकडे बघून वाटायचं. ती बिचारी काय करणार? तिचाही दोष नव्हता.

आठवडा संपल्यावर वहिनी मला पिशवीतून दुकानात घेऊन आली. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. तिने मला काउंटरवर ठेवलं आणि तोंडपाठ केल्यासारखं सांगून टाकलं, की या हंगामात चष्म्याच्या दुकानात काम फार आहे, शर्यतीचं काही जमेलसं वाटत नाही, तेव्हा तू दुसरी जोडीदारीण बघ.

वन्सं चाकाचे आरे आवळत होती. हात थांबले. चेहरा मात्र तिने वर केला नाही.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

तुम्ही. एरवी 'अगं तुगं' करणारी ती. त्या एका शब्दाने दुकानातली हवा गार झाली. वहिनी उभ्या जागी चुळबुळली. काही तरी बोलायचं म्हणून तिने चहाचं विचारलं. वन्संनी मान हलवून बाजूचं लाकडी स्टूल पुढे सरकवलं, पाहुण्याला देतात तसं. वहिनी बसायला गेली, आणि टेकताच एका अंगावर कलली. स्टुलाच्या कडेला, अर्धी बसलेली, अर्धी उभी. तोंडावर हसू आणि डोळ्यांत पाणी.

वन्संनी ते पाहिलं. ती उठली, शटर अर्धं खाली ओढलं, 'थोड्या वेळात उघडेल' ही पाटी लावली, हात पुसले आणि समोर येऊन उकिडवी बसली.

"कुठे दुखतं ते सांग."

"काही नाही गं. ठीक आहे."

"तुझ्या दुकानात कुणी अक्षरं दिसत नसताना अंदाजाने वाचली, तर तू काय करतेस?"

वहिनीने डोळे पुसले. मग म्हणाली, "पुन्हा वाचायला लावते."

"मग वाच."

वहिनीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडूही. मग तिने सगळं सांगितलं. कुठे टोचतं, कधी बधिर होतं, कुठे कातडी सोलली आहे, आणि लघवीला जाताना कसा जीव जातो. गादीचंही सांगितलं. नवऱ्याचं मन मोडायचं नाही, तुझाही विरस करायचा नाही, म्हणून शर्यत सोडणंच सोपं वाटलं, हेही सांगितलं.

वन्सं ऐकत राहिली. तिने मधे एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, की मलाही हे सगळं झालं होतं. शर्यत सुरू केली तेव्हा दुकानात बाबा, गिऱ्हाइकं सगळी बाप्ये, प्रशिक्षकही बाप्या. ज्याला सूचकपणे विचारलं तो म्हणाला की सवय होईल. सवय झाली नाहीच, मी चार सीटा बदलून आपलं आपण निभावलं आणि कुणाजवळ बोलले नाही. "आणि तुला मी तेच सांगितलं. सवय कर म्हणून."

त्यानंतर दुकान बराच वेळ बंदच राहिलं. काउंटरवर पडल्या पडल्या मी जे पाहिलं त्याची मला अजून गंमत वाटते.

वन्संनी सायकलच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कापला आणि स्टुलावर ठेवला. वहिनीला त्यावर आधी ताठ बसवलं, मग हँडल धरल्यासारखं ओणवं बसवलं. उठल्यावर पुठ्ठ्यावर हाडांचे दोन खळगे उमटलेले. त्यांच्यातलं अंतर मोजायला टेप सापडेना. तेव्हा वहिनीने खिशातून आपली छोटी पट्टी काढली. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची. दोघी पुठ्ठ्यावर वाकल्या, पट्टी धरली, आणि मग इतक्या हसल्या की वन्सं जमिनीवरच बसली. वहिनी म्हणाली, की उद्या गिऱ्हाइकाच्या नाकावर ही पट्टी ठेवताना मी गंभीर कशी राहू?

माप निघालं ते माझंच. मी तिच्यासाठी चुकीची कधी नव्हतेच.

मग वन्संनी मला पुन्हा सायकलला लावलं, या वेळी सावकाश. सायकल स्टँडवर घट्ट उभी केली आणि वहिनीला वर बसवून पॅडल मारायला लावलं. दांडा किंचित खाली घेतला. नाक खाली केलं. ते जास्तच झालं. वहिनी पुढे घसरायला लागली, सगळा भार तळहातांवर. पुन्हा जरा वर. बोल्टचा पाना फिरवत वन्सं विचारत होती, आणि आवाज थेट वहिनीचाच काढत होती, "आता बरं की मघाशी बरं?" आणि वहिनी पहिल्यांदाच खरी उत्तरं देत होती. आता डावीकडे टोचतंय. आता मागून बरंय पण पुढे दाबतंय. थांब, थोडं मागे घे. हां.

हां म्हटल्यावर ती बोलायची थांबली आणि नुसतं पॅडल मारत राहिली. तिची हाडं माझ्या मागच्या रुंद भागावर टेकली होती. नाजूक भाग खाचेवर होता, म्हणजे कशावरच नव्हता. पाठ हळूहळू आडवी झाली, कोपर वाकले, खांदे सैल पडले. मला त्या क्षणी कारखान्यातली बाई आठवली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी खाली नीट होते.

राहता राहिला नवरा. वहिनीने घरी गेल्यावर लगेच सांगितलं, सायकल व्हरांड्यातच होती म्हणून मीही ऐकलं. त्याने गादी हातात घेतली, अंगठ्याने दाबून बघितली आणि खट्टू झाला. म्हणाला, की आधी का नाही सांगितलंस? वहिनी म्हणाली, की तू एवढ्या हौसेने आणलीस, जीभ रेटली नाही. तो म्हणाला, "अगं, लिफ्ट मधेच अडकली तर लोक घंटा वाजवतात. वाजवलीच नाही तर मला कळणार कसं?"

दोन दिवस गादी तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी त्याने गादी स्वतःच्या जुन्या सायकलला लावली आणि भाजी आणायला गेला. परत आला तो तोंडभर हसत. ताठ बसून संथ चालवणारा माणूस तो. त्याला ती अशी काही मानवली की आता कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही सायकलच काढतो. गादीला तिचा माणूस सापडला. व्हरांड्यात आम्ही शेजारी उभ्या असतो. सवत वगैरे काही नाही. आता तिच्याबद्दल मला आपुलकी वाटते.

माझी वाढवून दिलेली मुदत संपली तेव्हा नियमाप्रमाणे वन्संनी माझी नवी काळी बहीण खोक्यातून काढून वहिनीच्या सायकलला लावली. मी फळीवर जायच्या तयारीत. वहिनी एक फेरी मारून आली आणि उतरली. म्हणाली की हीच जात, हेच माप, पण ही अजून कोरी आहे. "मला माझीच दे."

वन्सं म्हणाली की ती नारिंगी आहे, तुझ्या निळ्या सायकलवर कशी दिसेल? त्यावर वहिनी म्हणाली, की दिसायचं काय, मी तर वरच बसणार आहे. अशी माझी सोयरीक जमली. कोऱ्या बहिणीला नारिंगी पट्टी चिकटवून फळीवर बसवलं. टपालवाली, खेळाडू मुलगी आणि बाकीच्या सगळ्यांनी मला जे दाबून मवाळ केलं होतं, ते वाया गेलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी वारा समोरून होता. कालव्याचं पाणी उलटं वाहतंय असं वाटावं इतका. सुरुवातीला वन्सं पुढे. मग वहिनी. मग पुन्हा वन्सं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर वन्संच्या पोटरीत गोळा आला. तिने हात हलवून पुढे हो अशी खूण केली, आणि वहिनी पुढे झाली ती परत मागे आलीच नाही. मान खाली, पाठ आडवी, एका लयीत. मला वरून काहीच जाणवत नव्हतं, ना चुळबुळ, ना उठबस. पूल गेला, बंधारा गेला, दोन जोड्या मागे पडल्या, आम्हाला मागे टाकून तीन गेल्या. वन्सं तिच्या आडोशाला पाय कसाबसा फिरवत होती. वहिनी मधूनमधून मागे न बघता ओरडायची, "आहेस ना?" आणि मागून उत्तर यायचं, "आहे."

नंबर काही आला नाही. मधे कुठेतरी आल्या दोघी. पण थांबल्यावर वन्संनी पोटरी चोळत विचारलं, की दुखलं का गं? वहिनीने थोडा विचार केला. खरंच विचार करावा लागला तिला.

"अगं, विसरलेच की."

बाकी वस्तूंची आत्मवृत्तं असतात त्यात विसरलं जाणं म्हणजे दुःखाचा शेवट असतो. धूळ, अडगळ, जुने दिवस. माझं तसं नाही. माझ्यावर बसलेली बाई मला विसरली, याहून मोठं बक्षीस सीटला मिळत नाही.

आता माझी दोन्हीकडची किनार घासून मऊ पडलीय, 'चाचणीसाठी' मधला 'चा' पुसला गेलाय. एका बाजूने आवरण उसवायला लागलंय, त्यावर नवऱ्याने पट्टी लावून दिलीय, फार नीट. कधीतरी मी जाईन, माझ्या जागी दुसरी येईल, आणि तिला बसवताना वन्सं घाई करणार नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत आता पडदा आहे, स्टूल आहे, पुठ्ठ्याची थप्पी आहे. शनिवारी दुपारी वहिनी आपली पट्टी घेऊन तिथे बसते. बायका येतात. सुरुवातीला सगळ्याजणी हवापाण्याचं बोलतात. नंतर पडद्याआडून हसण्याचा आवाज येतो.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुम्ही ओणव्या होऊन वाऱ्यावर स्वार होत असाल, तर सोसू नका. सीट बदला, नाक वरखाली करा, दांडा हलवा, आणि आधी कुणाला तरी सांगा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

बरं, येते मी. वहिनीने हेल्मेटचा पट्टा लावलाय, वन्सं फाटकापाशी घंटी वाजवतेय आणि आज आधी पुढे कोण यावरून दोघींची हुज्जत सुरू झालीय. नवरा गादीवर बसून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतोय. वहिनीने एक पाय पलीकडे टाकला. आता ती बसली की मला बोलायला फुरसत नसते. आली. बसली. चला.